गाडीत मुक्काम, रात्रभर भुंकणं: चिंगीच्या घरच्यांना सविस्तर उत्तर

इंदूरहून एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांची चिंगी साडेतीन वर्षांची देशी कुत्री आहे. फ्लॅटमध्ये ती शांत असते, बेल वाजली की दोनदा भुंकते आणि गप्प बसते. पण या दोघा नवरा-बायकोंनी व्हॅनमध्ये गादी आणि शेगडी बसवून बाहेर मुक्काम करायला सुरुवात केल्यापासून ती रात्र रात्र भुंकते. चोरलच्या बाजूला शेजारच्या तंबूतली मंडळी उठून सांगायला आली. महेश्वरला तर मध्यरात्री गाडी दुसरीकडे न्यावी लागली. मार्चमध्ये दोन महिन्यांसाठी निघायचं ठरलंय. यजमान म्हणतात, रात्री बाहेर झाडाला बांधू. एका मित्राने विजेच्या झटक्याचा पट्टा सुचवलाय. यातलं काय करावं, असं त्या विचारतात.

ताई, दोन्ही करू नका. कारणं पुढे देतो, पण चिंगी का भुंकते ते आधी पाहू. त्याशिवाय कुठलाही उपाय चार दिवसांच्या वर टिकत नाही.

घरी चिंगीला आपली हद्द माहीत आहे. जिन्यावरची पावलं कोणाची, लिफ्टचा आवाज कसा, दूधवाला कधी येतो, हे तिचं पाठ झालेलं आहे. व्हॅनमध्ये रोज नवी जागा. तिथे हद्द कुठे संपते, कोण आपलं, कोण परकं, राखण कोण करणार, यातलं काहीच ठरलेलं नसतं. देशी कुत्र्यात राखणीची जाण उपजत असते. पिढ्यान् पिढ्या गावाच्या वेशीवर त्यांनी तेच केलंय. कोणी काही ठरवून दिलं नाही की ती सगळी जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेते आणि रात्रभर पहारा करते. म्हणून तुम्हाला दोनच गोष्टी करायच्या आहेत. तिच्याबरोबर गावोगाव फिरेल अशी एक पक्की जागा तिला द्यायची, आणि पहाऱ्याचं काम तिच्याकडून आपल्याकडे घ्यायचं. बाकीचं सगळं यातूनच येतं.

त्याआधी तिचं भुंकणं नीट ऐका. पुढच्या मुक्कामात फोनवर आवाज रेकॉर्ड करा, आणि भुंकायला लागण्याच्या आधी काय घडलं ते वेळेसकट लिहून ठेवा. खालच्या पट्टीत, थांबत थांबत, एका दिशेला तोंड करून भुंकत असेल तर ती वर्दी देतेय. शेपूट खाली, अंग मागे आणि आवाज चिरका असेल तर ती घाबरलीय. तुमच्याकडे बघत तुटक तुटक भुंकली की तिला काहीतरी हवंय. तुम्ही दोघं उतरून गेल्यावरच एकसुरी, न थांबणारा आवाज सुरू होत असेल आणि सोबत धापा आणि लाळ असेल, तर तो एकटेपणाचा त्रास आहे. त्याचा इलाज वेगळा. तुम्ही लिहिलंय त्यावरून चिंगीचं बरंचसं भुंकणं वर्दीचं आणि थोडं भीतीचं दिसतं. पण माझ्या अंदाजापेक्षा तुमच्या नोंदींवर जास्त विश्वास ठेवा.

आणखी एक तपासणी निघण्याआधी कराच. कान दुखणं, गोचिड्यांमुळे येणारा ताप, सांधे धरणं, यांनीही कुत्रं रात्री बेचैन होतं आणि बारीकशा आवाजाला उसळतं. म्हातारी कुत्री तर ऐकू कमी आल्याने आणि विस्मरणानेही रात्री भुंकतात. चिंगी तरुण आहे, तरी एकदा दाखवून घ्या. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासूनचं आहे, आणि तुमच्या वाटेवरच आहे.

आता जागेबद्दल. मी याला गोधडीचं शिक्षण म्हणतो, कारण आमच्याकडच्या लोकांच्या घरात गोधडी असतेच आणि ती घडी घालून कुठेही नेता येते. एक गोधडी फक्त चिंगीची करा. घरातच, टीव्ही बंद असताना, ती जमिनीवर अंथरा. तिने एक पाय ठेवला तरी तिथेच, गोधडीवर, खाऊचा तुकडा टाका. हातात देऊ नका, गोधडीवरच पडू द्या. उद्देश असा की चांगलं जे काही मिळतं ते या कापडावरच मिळतं, हे तिच्या मनात बसावं. दोन-चार दिवसांत ती गोधडी दिसली की स्वतःहून जाऊन बसेल. मग बसण्याऐवजी आडवी होण्याची वाट बघा. मग एका तुकड्यापासून दुसऱ्या तुकड्यापर्यंतची वेळ हळूहळू वाढवा. तिची मान खाली टेकली, एक कुल्ला बाजूला कलंडला, श्वास लांब झाला, की आवर्जून तुकडा टाका. नुसत्या बसण्याला नाही, सैल होण्याला बक्षीस द्यायचंय. हा फरक बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कुत्रं ताठ बसून राहतं आणि लोकांना वाटतं शिकलं.

तिथून पुढे गोधडीची जागा बदलायची. आधी बाल्कनी, मग जिन्याखाली, मग पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या, इंजिन बंद केलेल्या व्हॅनमध्ये. दार बंद करून पाच मिनिटं बसा, काही न बोलता. मग संध्याकाळी, बाहेर मुलं खेळत असताना. मग एखादी रात्र तुमच्याच सोसायटीच्या आवारात व्हॅनमध्ये झोपा. शेजाऱ्यांना नवल वाटेल, वाटू द्या. ओळखीच्या आवाजांत आधी अनोळखी जागेत झोपायची सवय झाली, तर नंतर अनोळखी आवाज सोपे जातात. दोन्ही गोष्टी एकदम नव्या आल्या की कुत्रं कोलमडतं, आणि चोरलला नेमकं तेच झालं असणार.

खाऊ म्हणजे उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे. इंदुरात प्रत्येक घरात शेवेचा डबा असतो आणि कुत्र्यांना शेव आवडतेही, पण मीठ-मसाल्याने ती नको. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट आणि बिनसाखरेचं च्युइंगम यांनी कुत्र्याला विषबाधा होते. गाडीत डबे हाताशी असतात, म्हणून इथेच सांगून ठेवतो.

दुसरी गोष्ट पहाऱ्याची. चिंगीने आवाज ऐकला आणि तुम्ही आतून "गप्प बस!" म्हणून ओरडलात, तर तिला एवढंच कळतं की घरचेही भुंकायला लागले, म्हणजे बाहेर खरंच काहीतरी आहे. ओरडण्याऐवजी शांतपणे उठा, ती ज्या दिशेला बघतेय तिकडे तुम्हीही बघा, एक ठरलेला शब्द सावकाश म्हणा, "बघितलं" किंवा जो तुम्हाला जमेल तो, आणि तिला गोधडीकडे बोलवून तुकडा द्या. वर्दी पोचली आणि वरिष्ठांनी दखल घेतली, असं तिला वाटलं की पुढचं भुंकणं कमी होतं. हे घरी बेलवर आणि जिन्यातल्या पावलांवर शिकवा. तिथे ती मुळातच दोनदा भुंकून थांबते, तेव्हा अर्धं काम झालेलंच आहे.

यात एक खाच आहे. भुंकल्यानंतरच तुकडा मिळत गेला तर हुशार कुत्रं भुंकून तुकडा मागायला शिकतं. म्हणून भुंकण्याच्या आधीचा क्षण पकडायचा. कान उभे होतात, तोंड मिटतं, धाप थांबते, वजन पुढच्या पायांवर येतं. हे सगळं एक-दोन सेकंदांत होतं. त्याच वेळी "बघितलं" म्हणून तुकडा द्या. असं पुष्कळदा झालं की आवाज ऐकून ती दाराकडे न धावता तुमच्या तोंडाकडे बघते. कुत्रं बाहेर आवाज झाल्यावर मालकाकडे वळून बघतं तो क्षण मला या कामातला सगळ्यात आनंदाचा वाटतो. तिथून पुढे अडत नाही.

पण ती पूर्ण जोरात भुंकत असेल, खाऊकडे ढुंकून बघत नसेल, तेव्हा शिकवायचा प्रयत्न करू नका. त्या अवस्थेत डोकं शिकत नाही. तिला त्या आवाजापासून किंवा दृश्यापासून लांब न्या, एवढंच काम.

मागणीचं भुंकणं असेल तर लोक सांगतात, लक्ष देऊ नका, आपोआप थांबेल. ते खरं आहे, पण दुर्लक्ष सुरू केलं की आधी काही दिवस भुंकणं वाढतं आणि मगच कमी होतं. वीस मिनिटांनी कंटाळून दार उघडलंत तर ती वीस मिनिटं भुंकायला शिकली. शेजारी दहा तंबू झोपलेले असताना इतकं थांबणं शक्यही नाही आणि ते बरोबरही नाही. म्हणून ते शिक्षण घरी उरका. रस्त्यावर असताना भुंकायची वेळच येऊ नये अशी व्यवस्था ठेवा.

त्या व्यवस्थेची सुरुवात मुक्कामाची जागा निवडण्यापासून होते. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा. ढाब्याच्या मागची उकिरड्याची बाजू, गावाची वेस आणि नदीवर किंवा शेतावर जायची पायवाट टाळा. माळव्यात प्रत्येक वेशीवर गावची कुत्री असतात, आणि त्यांच्या हद्दीत परकं कुत्रं आलं की ती बघायला येणारच. रात्री एक भुंकलं की पुढच्या गावापर्यंत साखळी लागते. कोल्हेकुई झाली तर विचारायलाच नको. गाडीची एक बाजू भिंतीला किंवा झाडीला लावा आणि दार वर्दळीच्या उलट दिशेला ठेवा. महेश्वरला घाटाजवळ गाडी लावली असेल तर सायंआरतीच्या घंटा, नावाडी, पहाटे स्नानाला येणारी माणसं, सगळं चिंगीच्या दारातून जात असतं. तिने तिथे गप्प राहावं ही अपेक्षाच जास्त आहे. थोडी वर, गावाबाहेरच्या बाजूला गाडी लावा आणि घाटावर चालत जा.

पोचल्याबरोबर खुर्च्या आणि शेगडी काढू नका. चिंगीला लांब दोरीवर घेऊन गाडीभोवती सावकाश एक मोठं रिंगण मारा आणि तिला हवं तितकं हुंगू द्या. घाई करून ओढू नका. कुत्रं नाकाने जागेची चौकशी करतं. कोण येऊन गेलं, किती वेळापूर्वी, नर होता की मादी, हे तिला हुंगूनच कळतं. उजेडात ही चौकशी पूर्ण झाली की अंधारात तिला तितके प्रश्न पडत नाहीत. हुंगण्याने कुत्रं शांतही होतं. पळवून दमवण्यापेक्षा अर्धा तास हुंगू देणं जास्त उपयोगी पडतं.

दमवण्यावरून थोडं जास्त बोलतो, कारण प्रवासात नेमकी इथे गल्लत होते. लोक म्हणतात, दिवसभर फिरवलं की रात्री झोपेल. मोठं कुत्रं दिवस-रात्र मिळून बारा-चौदा तास झोपतं. प्रवासात ती झोप तुटते. सकाळी गाडी, मग पाताळपाणीचा धबधबा, मग ढाबा, मग फोटो, मग अनोळखी मुलांचे हात, मग परत गाडी. संध्याकाळपर्यंत कुत्रं दमलेलं असतं, पण शांत झालेलं नसतं. अंगात ताण साठलेला असतो आणि पान हललं तरी ते भुंकतं. अशा कुत्र्याला आणखी चालवून उपयोग नाही, त्याला दुपारची झोप द्या. सावलीत गाडी लावा, पडदे ओढा, गोधडी अंथरा, तुमच्यापैकी एकाने तिच्याजवळ पुस्तक घेऊन बसा. दीड-दोन तास. एका दिवसात एकच नवी जागा पाहा. मुक्काम बदलण्याआधी किमान दोन रात्री तिथे काढा. दुसरी रात्र पहिलीपेक्षा जवळजवळ नेहमीच शांत जाते, आणि रोज गाडी हलवणाऱ्यांच्या वाट्याला ती दुसरी रात्र येतच नाही. दोन महिन्यांच्या प्रवासात एवढी सवड नक्की काढता येईल.

काळोख झाल्यावर दिवे आतले आणि मंद ठेवा. तंबूत झोपणार असाल तर बाहेरच्या टॉर्चच्या उजेडात माणसांच्या सावल्या कापडावर मोठ्या होऊन हलतात आणि कुत्री त्यांच्यावर तुटून पडतात. चिंगीसाठी व्हॅनच बरी. सगळ्या काचांना आतून चांदीचे सनशेड किंवा जाड चादरीचे तुकडे लावा. बाहेरचा माणूस दिसलाच नाही की भुंकणंही बरंच कमी होतं. हवेसाठी वरची झडप किंवा जाळीची खिडकी उघडी ठेवा आणि बारा व्होल्टचा छोटा पंखा रात्रभर चालू द्या. वारा मिळतो, आणि एकसारख्या घरघरीत बाहेरचे बारीक आवाज बुडतात. कुत्र्याला आपल्याला ऐकू न येणारंही ऐकू येतं. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत, कुत्र्याचा सुमारे ४५,००० पर्यंत. म्हणजे तुम्हाला रात्र निःशब्द वाटते तेव्हा तिच्यासाठी ती तशी नसते. जेवण झोपेच्या दोन-अडीच तास आधी द्या, शेवटची लघवी पट्ट्यावरच. त्यानंतर चावायला एखादं चिवट, दातांना झेपेल असं काही द्या. चावणं आणि चाटणं कुत्र्याला निववतं.

आता तुमच्या यजमानांचा झाडाला बांधायचा विचार. चोरल, महू, मानपूर या पट्ट्यातल्या जंगलात बिबट्या आहे, आणि बांधलेलं कुत्रं त्याला सगळ्यात सोपं सापडतं. एवढं एकच कारण पुरेसं आहे. शिवाय बांधलेलं कुत्रं जास्त भुंकतं. त्याला पळता येत नाही आणि जवळही जाता येत नाही, मग आवाजच उरतो. दोन झाडांमध्ये दोर ताणून त्यावर सरकती साखळी लावायची पद्धत काही लोक वापरतात. त्याने कुत्रं दोराच्या टोकापर्यंत धावत जाऊन हिसका खातं, मानेला इजा होते आणि धावून जाण्याची सवय पक्की होते. दिवसा तुम्ही शेजारी बसलेले असताना थोडा वेळ बांधायचं असेल तर छातीच्या हार्नेसला बांधा, गळ्याच्या पट्ट्याला नको.

विजेच्या पट्ट्याबद्दल मी स्पष्टच बोलतो. वेल्समध्ये २०१० पासून त्यावर बंदी आहे. कुत्र्याला झटका भुंकल्यामुळे बसला हे कळेलच असं नाही. त्या क्षणी समोर जे होतं त्याच्याशी ते वेदना जोडतं. समोर शेजारच्या तंबूतलं मूल असेल तर त्या मुलाशी. आणि भुंकणं ही कुत्र्याची धोक्याची सूचना असते. ती दाबून टाकली की मागे भीती तशीच राहते आणि एक दिवस कुत्रं न भुंकता थेट चावतं. कुत्रं भुंकलं की माणसाच्या कानाला न कळणारा आवाज काढणारी यंत्रंही नकोत. ती दुसऱ्या कुत्र्याच्या भुंकण्यावरही वाजतात, म्हणजे गप्प बसलेल्या चिंगीला शिक्षा. तोंड फडक्याने बांधून झोपवणं तर कधीच नको. कुत्रं धापा टाकूनच अंग थंड करतं, तोंड बंद झालं तर उष्माघाताने ते मरू शकतं.

माणसांच्या झोपेच्या किंवा तापाच्या गोळ्याही देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्यांना घातक आहेत. प्रवासासाठी पूर्वी सर्रास दिलं जाणारं गुंगीचं औषध, एसप्रोमाझीन, अंग लुळं करतं पण भीती कमी करत नाही. कुत्रं गप्प पडलेलं दिसतं आणि आतून तितकंच घाबरलेलं असतं. भीती खरोखर जास्त असेल तर त्यासाठी वेगळी औषधं आहेत. ती पशुवैद्याने तपासूनच द्यायची, आणि निघण्याआधी घरी एकदा देऊन पाहायची.

एकटं ठेवण्याचा प्रश्न मांडूत येईल. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत कुत्रं नेता येत नाही, तेव्हा जहाज महाल एकाने बघायचा आणि दुसऱ्याने गाडीशी थांबायचं, मग अदलाबदल. चिंगीला बंद गाडीत ठेवून दोघांनी जाऊ नका. बाहेर २४ अंश असतानाही उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान साधारण दहा अंशांनी चढतं. काच बोटभर उघडी ठेवून विशेष फरक पडत नाही. तुमचा प्रवास मार्च-एप्रिलचा आहे आणि एप्रिलमध्ये निमाडात पारा चाळिशी गाठतो, हे विसरू नका. अभयारण्यांतही कुत्रं नेऊ नका. गांधीसागरचा बेत असेल तर जलाशयाच्या पर्यटनाच्या बाजूला थांबा, अभयारण्यात नको. तिथे २० एप्रिल २०२५ ला चित्ते सोडले आहेत, आणि डिस्टेंपरसारखे आजार कुत्र्यांकडून जंगली प्राण्यांना जातात. चिंगीची लस वेळेवर झालेली असू दे, तिच्यासाठी आणि त्यांच्यासाठीही.

शेजाऱ्यांशी पोचल्यावर लगेच बोला. आमच्याकडे कुत्री आहे, सवय करतोय, त्रास झाला तर दार वाजवा, असं सांगून ठेवा. आधी सांगितलेलं माणूस सोसतं, मध्यरात्री अचानक आलेलं सोसत नाही. लाउडस्पीकरसाठी २००० च्या ध्वनी नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ ठरली आहे. कुत्र्यांसाठी तो नियम नाही, पण तेवढे तास आपल्या बाजूने शांत राहतील हे आपलं कर्तव्य समजा. काही करून ती थांबत नसेल तर दिवे न लावता तिच्याजवळ गोधडीवर बसा, छातीवर हात ठेवा, पंखा वाढवा. पाच-सात मिनिटांत निवळली नाही तर गाडी तिथून काढा. इतरांची झोप मोडून शिक्षण चालू ठेवू नये. यासाठी दुसरी जागा उजेडातच बघून ठेवलेली हवी.

मार्चला अजून वेळ आहे. तीन आठवडे घरात गोधडी आणि "बघितलं". मग जानापावच्या रस्त्याला, घरापासून तासाभरावर, दोन रात्री. मग महेश्वर, पण शनिवार-रविवार आणि लग्नाच्या तिथी सोडून. प्रत्येक रात्रीच्या नोंदी ठेवा: किती वेळा भुंकली, किती वेळात थांबली, थांबायला काय करावं लागलं. भुंकण्याची संख्या तीच राहिली पण थांबायला लागणारा वेळ कमी झाला, तर ती शिकतेय आणि तुम्ही निघू शकता. महेश्वरची दुसरी रात्रही पहिलीइतकीच वाईट गेली, किंवा ती खाणं सोडून थरथरत बसली, तर दोन महिन्यांचा प्रवास तिच्यावर लादू नका. या वेळी तिला तिच्या ओळखीच्या माणसाकडे, इंदुरातच ठेवा, आणि ती गोधडी तिच्यासोबत द्या.